दुसऱ्या वर्गातला धडा

नासोकोच्या सभागृहात फोनवरची फसवणूक ओळखायचा मोफत वर्ग भरला तेव्हा अर्धं गाव आलं होतं. थोडे शिकायला, बाकीचे चहा-बिस्किटांना. तोरिका मात्र स्वतःचं काम घेऊन आली होती. तिच्या फोनात एरोनी होता.

एरोनी तिचा नवरा. बेटाबेटांतून फिरणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होता. संध्याकाळची भांडी उरकली की तो फोनात बोलून बायकोला पाठवायचा: कप्तानाने भाताला नावं ठेवत तीनदा कसा वाढून घेतला, कुणाला बोट लागली, डुकरांना खायला घातलंस का. तो गेला तेव्हा बोटीवरून त्याची पेटी आली. शर्ट भावांनी मागितले, सुरी पुतण्याने मागितली. इथे कोरो बेटावर नातलगाने मागितलं की देतात, कशाला म्हणून विचारत नाहीत. पेटीसुद्धा गेली. तिच्या खात्यातल्या संदेशांत आवाज तेवढा राहिला, कारण तो मागायचं कुणाला सुचलं नाही.

राजधानीतून, सुवाहून आलेल्या लावेनिया मॅडमनी गुळगुळीत कागदावरची पत्रकं वाटली, फोनला चिकटवायला कुलपाचं चित्र वाटलं. ‘सगळं मोफत आहे’ असं त्या इतक्यांदा म्हणाल्या, की आता काहीतरी द्यावं लागणार अशी लोकांना शंका यायला लागली.

“गोड बोलणाऱ्यापासून सावध राहा,” मॅडम म्हणाल्या. “चोर कधी वाकडं बोलत नाही. लाडाने हाक मारतो, देवाचं नाव घेतो.”

“म्हणजे आमचे पाद्रीबाबा,” मागून पेथेली म्हणाला. सगळे हसले. पाद्रीही हसले, जरा उशिरा.

तोरिकाने हात वर केला. “मॅडम, फोनातले आवाज आणखी कुठे जपून ठेवता येतात का?”

“छान प्रश्न, बुबू.” आजीला तिकडे बुबू म्हणतात. “ते आपण दुसऱ्या वर्गात घेऊ.”

मग सगळ्यांचा एकत्र फोटो झाला आणि बोटीची वेळ झाली. निघता निघता मॅडम म्हणाल्या, “बाकी विसरलात तरी चालेल. कुणाचं खातं संशयास्पद वाटलं तर तक्रारीचं बटण दाबा. एवढं केलंत तरी माझं येणं सार्थकी लागलं.”

पेथेली तोरिकाचा मामेभाऊ. आत्या-मामाच्या पोरांनी एकमेकांशी सरळ बोलणं म्हणजे नातं तोडणं. त्यामुळे ही दोघं साठीला आली तरी रोज एकमेकांचा उद्धार करत. समोर भेटली तर तोंडाने, नाही भेटली तर फोनवर लिहून.

वर्ग होऊन महिना झाला असेल. दुपारी पेथेलीच्या नावाने संदेश आला. “काय गं म्हातारे, आहेस का शार्कने नेली?”

“शार्कला तुझा वास आला, ती पळाली. बोल बेडूकतोंड्या.”

“एरोनी जन्मभर बोटीवर का राहिला ते तुझ्या हातचा कसावा खाल्ल्यावर कळलं. बरं ऐक, माझं खातं अडकलंय. तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तो पाठव. आणि चालतेस तशी पाठवू नकोस, लवकर पाठव.”

तोरिकाने विचार केला नाही असं नाही. पत्रक आठवलं. गोड बोलतोय का? छे. कसाव्याचा टोमणा पेथेलीचाच, बारा वर्षं जुना. त्याच्या घरी जाऊन ‘तूच मागतोयस ना?’ असं विचारलं असतं, तर रात्री यंगोना प्यायला जमणाऱ्यांच्या वाडग्याभोवती वर्षभर तिचीच गोष्ट चालली असती. नातलगाने मागितलं होतं. तिने आकडा पाठवला.

चोर आधी पेथेलीच्या खात्यात शिरला होता. तिथली जुनी भांडणं त्याने नीट वाचली होती. शिव्यासुद्धा शिकता येतात, हे पत्रकात नव्हतं.

त्या आकड्याने तो तोरिकाच्या खात्यातही शिरला, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने साऱ्या गावाकडे मयताच्या खर्चासाठी पैशांची मागणी गेली. पण गाव आता शिकलेलं होतं. प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी पत्रक उंच धरलं आणि सगळ्यांनी बटण दाबलं. एरोनीच्या बहिणीने तर दोन फोनवरून दाबलं आणि तसं येऊन तोरिकाला सांगितलंही. कुणाचं काही गेलं नाही. चारच दिवसांत तोरिकाचं खातं कायमचं बंद झालं.

पत्रकावर फोन नंबर होता, तोही मोफत. लावेनिया मॅडमच बोलल्या.

“काळजी करू नका बुबू, खातं बंद आहे. आता चोराला काही करता येणार नाही.”

“आणि आतलं?”

“आतलं पुसलं गेलं. चोरालाही मिळणार नाही.”

“त्याला एरोनी कशाला हवा होता?” तोरिकाने विचारलं. मॅडमना एरोनी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला धीराने घ्यायला सांगितलं.

दुसरा वर्ग भरला तेव्हा बिस्किटांवर क्रीम होतं. नासोको आता आदर्श गाव होतं. इथे एकही माणूस फसला नाही, असं मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं. टाळ्या झाल्या.

पेथेली उशिरा आला. गेले कित्येक दिवस तो तिला चुकवत होता. तिच्याशेजारीच जागा रिकामी होती. तो जरा घुटमळला, मग घसा खाकरून म्हणाला, “सरक गं म्हातारे. दोघांची जागा अडवून बसलीस.”

आजूबाजूच्या बायकांनी हसायची तयारी केली.

तोरिकाने आपली चटई ओढून घेतली. “बसा,” ती म्हणाली.

पेथेली उभाच राहिला. मग मागे दारापाशी जाऊन बसला.

मॅडमनी भिंतीवर पहिलं चित्र दाखवलं: आपले फोटो आणि आवाज कसे जपावेत. “बुबू,” त्या हसून म्हणाल्या, “हा तुमचाच प्रश्न होता ना?”

“होता,” तोरिका म्हणाली.