जरा गरीब दिसा

“ताई, ही आजी लई टापटीप दिसायलीय की. असं चालत न्हाई,” विरेश म्हणाला.

पूनमने कॅमेऱ्याचा डोळा सोडून समोर पाहिलं. पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर अंबुबाई मान ताठ करून बसली होती. ठेवणीतलं इरकल लुगडं, तेल लावून चापून बांधलेला अंबाडा, दोन्ही हात मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपला एकटीचा फोटो काढणार म्हणून म्हातारी सकाळीच न्हाऊन, नटून, सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

“मग कसं दिसायला पाहिजे?” पूनमने विचारलं.

“जरा गरीब दिसू द्या. फ्लेक्स बघणाऱ्याला पटलं पाहिजे, खरंच निराधार हाय म्हणून. केस विस्कटा थोडे. तुम्हीच करा, तुम्ही बाईमाणूस.”

विरेशला यंदा नगरसेवक व्हायचं होतं. त्यासाठी वाढदिवसाला निराधार वृद्धांना चादरवाटप, आणि वाटपाआधीच त्याचे फ्लेक्स. रस्त्यावर ऊन, धूळ, शिवाय घाम येतो म्हणून फोटो पूनमच्या घरीच उरकून घ्यायचे ठरले होते. स्वतः तो कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, अत्तर फासून, तोंडात मावा धरून पंख्याखाली उभा होता. बोलताना तोंड वर करायचा, थुंकी सांडू नये म्हणून. पूनमला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पण हाकलून तरी कसं द्यायचं? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यात आठ वर्षं चेकिंग करून ती बाहेर पडली होती. जुना कॅमेरा घेतला, पुढच्या खोलीतली कॉट मोरीपाशी सरकवली, पडदा लावला आणि दारावर ‘पूनम फोटो’ अशी पाटी लावली. गल्लीतली बारशी, पासपोर्टचे फोटो, लग्नाळू पोरींचे फोटो. माणूस आहे त्यापेक्षा थोडा बरा दिसावा, एवढंच काय ते तिचं कसब. त्यावर घरातल्या घरात धंदा उभा राहील अशी तिला खात्री होती. नवरा बिरुदेव मात्र म्हणाला होता, “दिवाळीपातूर बघ. न्हाई जमलं तर परत कारखाना.” आणि विरेश म्हणत होता, हे फोटो मनासारखे आले तर वर्षभराचे सगळे कार्यक्रम तुमच्याकडेच.

पूनम उठली आणि अंबुबाईजवळ गेली. कारखान्यात दोघी आठ वर्षं एका छपराखाली होत्या. अंबुबाई चादरींच्या कडा शिवायची, बोटं वाकडी होईपर्यंत शिवल्या तिने.

“मावशी, जरा केस मोकळे करते हं.”

“का गं? वाकडा भांग हाय व्हय?”

“न्हाई. ते... फोटोत उजेड नीट पडत न्हाई.”

काय वाट्टेल ते बोलली ती. अंबाडा सोडला, बटा ओढून कपाळावर आणल्या. बोटं तेलाने चिकट झाली. विरेशने खिडकीतलं, कॅमेरा पुसायचं जुनं पातळ उचललं आणि म्हणाला, “हे टाका खांद्यावर, भारी लुगडं झाकंल.” तेही पूनमने टाकलं. म्हातारी गुमान बसून राहिली. डॉक्टरकडे बसावं तशी, पूनमला सगळं कळतं या भरवशावर.

मग विरेश शेजारी उभा राहिला, चेहरा कनवाळू केला आणि चादर पुढे धरली.

“आजी, हात जोडा. मान खाली. अजून खाली.”

पूनमने बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. अंबुबाईने चादर घेतली आणि सवयीने कडेवरून बोट फिरवलं.

“टाका सैल हाय रे बाबा. दोन धुण्यात उसवंल.”

“असू दे आजी. आणा इकडं, ही फोटोपुरती हाय,” म्हणत विरेशने चादर काढून घेतली आणि ओट्यावर रांगेत बसलेल्या पुढच्या म्हाताऱ्याला हाक मारली. तीच चादर त्या दिवशी अकरा जणांच्या हातांत गेली आणि अकरांच्या हातांतून परत आली.

संध्याकाळी फोटो बघून विरेशचा फोन आला. “एक नंबर! फक्त आजीच्या सुरकुत्या वाढवा जरा.” पूनमने त्याही वाढवल्या. जेवायला बसली तर बोटांना त्या तेलाचा वास येत होता. साबणाने दोनदा हात धुऊनही घास तोंडाशी नेववेना. विरेशची किळस तिला पहिल्यापासून होती, त्यात नवीन काही नव्हतं. आज स्वतःचीच आली होती.

चौकात फ्लेक्स लागला. वर विरेशचा हसरा चेहरा, खाली हात जोडलेली अंबुबाई, एखाद्या भिकारणीसारखी. पूनम किराणा आणायला जाताना पलीकडच्या बोळातून जाऊ लागली. वर्षाचं काम मात्र तिलाच मिळालं. बिरुदेव खूश झाला, पाटीला त्याने स्वतः रंग दिला.

आठवड्याने अंबुबाई दारात उभी.

“पूनम, माजा फोटू दे की. ह्यांचा हाय भिंतीवर, शेजारी माजा लावावा म्हनते. पुन्हा कुटं काढायचा?”

“मावशी, तो... तो चांगला आला न्हाई. दुसरा काढते. उद्या या, इरकल नेसून या. मोठा करून, चौकटीत घालून देते.”

“पैसं?”

“पैसे कसले? या तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी पूनमने पडदा धुऊन लावला. ते जुनं पातळ कचऱ्यात टाकलं. स्टुलावर उशी ठेवली. आलेल्या दोन गिऱ्हाइकांना दुपारी या म्हणून सांगितलं. आज हा एक फोटो असा काढायचा, की म्हातारीचा जन्मभराचा रुबाब त्यात उतरला पाहिजे.

अंबुबाई आली ती तशीच, इरकल नेसून, चापून अंबाडा घालून. कपाळावरचं गोंदणसुद्धा घासून स्वच्छ केल्यासारखं दिसत होतं. ती स्टुलावर बसली. पूनमने दिवे लावले, कॅमेऱ्याला डोळा लावला. बघून तिचा जीव हलका झाला.

“मावशी, काढू?”

“थांब की, हाय ध्येनात माज्या.”

अंबुबाईने अंबाडा सोडला. वाकड्या बोटांनी दोन बटा ओढून कपाळावर आणल्या. इरकलचा काठ मुडपून आत खोचला. मग हात जोडले आणि मान खाली घातली, अजून खाली.

“आसंच न्हवं?” तिने खालच्या मानेनेच विचारलं. “आज हातात चादर न्हाय, तरी चालंल का गं?”