माशाच्या तेलाची कुंडी

मित्रांनो, मी एक जुने गांडूळ आहे. दचकू नका, तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरतो.

माझा जन्म नळदुर्गजवळच्या एका मळ्यात, पाटाच्या कडेला झाला. बहात्तरच्या दुष्काळात पाट आटला, माती तव्यासारखी तापली. तेव्हा शरणबसप्पा मास्तरांनी आम्हाला उकरून आणले आणि दोन कुंड्यांत ठेवले. जीव वाचला म्हणून मी खूश होतो. खरे कारण नंतर कळले.

मास्तरांची लेक नीलम्मा दुष्काळात पार वाळली होती. डॉक्टरांनी तिला माशाचे तेल द्यायला सांगितले. दूध सोसायटीच्या गाडीतून सोलापूरहून बाटली आली. पण या घरात अंडेसुद्धा शिजत नसे. मास्तरांच्या आई सिद्धम्मा यांनी बाटली उंबऱ्याबाहेरच अडवली. आधी मातीतल्या जिवाला घालून बघ, मग पोरीला दे, असे त्यांनी बजावले. म्हणून बाटली गोठ्यात पत्र्याखाली राहिली आणि आमच्या कुंडीतल्या शेणात रोज तेलाचे थेंब पडू लागले. दुसऱ्या कुंडीत नुसते शेण असे.

सुरुवातीला आमचे लाडच झाले. अंग तुकतुकीत झाले, म्हातारी गांडुळेही चपळ झाली. मास्तर आईला कौतुकाने दाखवत. शेवटी त्या नीलम्माला तेल द्यायला तयार झाल्या.

तोवर उन्हाळा आला होता. तापलेल्या पत्र्याखाली तेल खवट झाले. मास्तरांना उग्र वास येई, पण माशाचा वास असाच असणार, असे त्यांना वाटले. घरात मासा कधी आलाच नव्हता, तर त्यांना कळणार कसे? आम्हाला मात्र ते तेल झोंबत होते. माझी भावंडे एकेक करून मेली. मी तळाशी थरथरत दडून बसलो.

एके सकाळी आमच्यावर थेंब टाकून मास्तर नीलम्मासाठी पहिला चमचा भरू लागले. मला ओरडता येत नाही. भीतीने काही सुचेना, तेव्हा आम्ही उरलेले सगळे भर उन्हात कुंडीबाहेर पडलो.

सिद्धम्मांनी ते पाहिले. "शरणू, थांब. ही त्याल खाणारीच का पळायलीत?"

दुसरी कुंडी शांत होती. मास्तरांनी आमची कुंडी उकरली. मेलेली भावंडे दिसताच त्यांनी चमचा आणि बाटली उकिरड्यावर रिकामी केली.

पत्र्याखालच्या उष्णतेने तेल नासले, हे ध्यानात आले आणि पुढे नवी बाटली आली. सिद्धम्मांनी स्वतः रांजणाजवळची गार जागा पुसली. "पोरीच्या पोटात जायचं, तर घरात बी राहू दे," त्या म्हणाल्या.

नीलम्मा आता धावते. तिची पावले वाजली की मी अजून आक्रसतो. मित्रांनो, आमच्यातले कुणी उन्हात तडफडताना दिसले तर हसू नका. त्याला ओल्या मातीत सोडा, आणि ते कशाला भिऊन पळाले, ते आधी बघा.