राखलेली मूठ

“दळण सरायच्या आत ये रे, लोटू.”

वीस वर्षांपूर्वीचा मायचा हा आवाज अजून त्याच्या कानात होता. तापातून उठलेलं, काड्यांसारख्या पायांचं ते पोर पहाटे दापोरा गावातून तापी नदीकडे पळत सुटायचं. काठच्या चिंचेला हात लावून अंगणात परतायचं, तेव्हा त्याची माय धुरपदाबाई ओवी म्हणत दाण्यांची शेवटची मूठ जात्यात टाकत असायची.

तापीच्या वाटेवरी धूळ उडे सोनियाची,
आली गं चाहूल माझ्या लोटूच्या पावलांची.

जात्याशी तो एकदाही हरला नाही. पुढे नागपूरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतही तीन वर्षं ओळीनं पहिला आला. केळीचा जोमदार घड दिसला की गाडीवान म्हणत, “हा लोटूचा.” चांदनी स्टेशनवर हमाल डोक्यावरचं ओझं सांभाळत त्याला वाट देत.

आता जुना प्रांत मोडला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नव्या राज्याची धावपटूंची तुकडी नव्यानं निवडायची होती. रविवारी चांदनी ते बऱ्हाणपूर धाव. पहिला येईल तो एकटाच भोपाळला जाणार. नेपानगरच्या कागद कारखान्यातला सुकलाल कंबर कसून होता, उणापुरा बावीस वर्षांचा.

शर्यतीआधी जात्याचा खुंटा धुरपदाबाई कुणाच्या हाती देत नसे. यंदा तिचा खांदा सुजला, म्हणून लोटूची बायको मनकर्णा दळायला बसली. गुरुवारी लोटू चिंचेवरून फिरला, गल्लीत शिरला, तर घरघर ऐकू येईना. मनकर्णा पीठ भरत होती. शुक्रवारी तो जीव तोडून पळाला. जातं गप्प. शनिवारी तर भाकर तव्यावर पडली होती.



रविवारी सकाळी त्याला चांदनीला न्यायला दारापुढे बैलगाड्या जुंपून उभ्या राहिल्या, आणि लोटू गोधडी ओढून पडलेला.

“आत काय करून राहिला रे? नवरी हायेस काय लाजायला?” भाईदास गाडीवानानं हाक दिली. “सुकलाल तिकडे पायाला तेल चोळून राहिला.”

“ताप आहे म्हणून सांग त्यांना,” लोटू बायकोला म्हणाला.

मनकर्णानं त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तिनं सासूकडे पाहिलं.

धुरपदाबाई खांदा धरून उशाशी बसली. “ताप नाही तुला. काय झालं ते बोल.”

“पाय गेले, माय. तीन दिवस जात्याशी हरलो. त्या पोरापुढे काय धावू?”

बाहेर बैलांची घुंगरं अधीर वाजत होती. म्हातारी जात्याकडे बघत राहिली. भाईदासनं दुसरी हाक मारली.

“जात्याशी तू कधी जिंकलाच नाहीस, बेटा,” ती म्हणाली. “तुझं पाऊल गल्लीत वाजेस्तोवर शेवटची मूठ मी पदरात धरून बसायची. रिकामं जातं फिरवू नये, तरी फिरवायची. तेव्हा तापातून उठलेला तू, हरला असतास तर पुन्हा अंथरूण सोडलं नसतंस. पण नागपुरात मी नव्हते रे. तिथं कोणी राखली तुझ्यासाठी मूठ?”