पिवळ्या मिउराची पूजा

शिवदासच्या गाड्यांना आमच्या घरात जेवढा मान होता, तेवढा मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मलाही कुणी दिला नव्हता. पुढच्या खोलीत त्यांच्यासाठी काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, रंग उडू नये म्हणून खिडकीला जाड पडदा. वीतभर लांबीच्या त्या गाड्या. जुन्या, परदेशी, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. दारं उघडतात, आत इंजीनसुद्धा दिसतं म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की त्या खोक्यातून काढायच्याच नसतात. कंपनी मोजक्याच बनवते, प्रत्येकीसोबत तिच्या नंबराचं कार्ड येतं, आणि खोक्याचं सील एकदा तुटलं की जमवणाऱ्यांच्या लेखी ती गाडी बाद.

शिवदास आमचा एकुलता एक. दुबईत नोकरीला. तिथली खोली चौघांत, म्हणून गाड्या गोव्यात डिचोलीला आमच्याकडे. कुणी ओळखीचा सुट्टीवर यायला निघाला की त्याच्याकडे एखादं खोकं द्यायचा. मला वाटायचं, आईसाठी काही असेल. तेही वाटणं पुढे बंद झालं.

“खेळूक नाय, भायर काढूक नाय, मगे घेतंस कित्याक?” मी एकदा फोनवर विचारलं.

“आई, तुका तां कळाचां नाय,” तो म्हणाला. बरोबरच आहे. मला काच पुसायचं तेवढं कळत होतं.

तेही काम नंतर ह्यांनी काढून घेतलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे गोकुळदासांनी, जन्मभर टिप्पर चालवला. शिरगावच्या खाणीवरून माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर ओतायचा. खाणी बंद पडल्या तसा टिप्पर दारात उभा राहिला आणि गंजून शेवटी भंगारात गेला. ज्या दिवशी तो ओढून नेला, त्या दिवसापासून ह्यांना सकाळी उठून करायला काही उरलं नाही. मग हे त्या कपाटापुढे जाऊन बसू लागले. मऊ फडका घ्यायचे आणि काच पुसायचे. मुलाच्या गाड्या आपल्या ताब्यात आहेत, एवढ्यावर माणूस खूश होता.

त्या वर्षी श्रावणात दुबईहून फोन आला. शिवदासच्या गाडीला मागून कुणी ठोकलं, उजवा हात मोडला. ह्यांनी जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी कपाटाकडे बघत म्हणाले, “इतक्यो गाड्यो घरात, आनी एकीचीय पूजा जावूक नाय. म्हणान ह्यां झालां.”

मी हसण्यावारी नेलं नाही. कसं नेणार? खाणीवर दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय एक चाक हलत नसे. सगळे टिप्पर धुऊन ओळीने उभे करायचे आणि पहिल्याची पूजा झाली की ती साऱ्या ओळीला पावायची. इतक्या वर्षांत ह्यांच्या अंगाला साधं खरचटलं नाही, ते ह्या पूजेमुळे, असं हे मानत आणि मीही मानते.

दसऱ्याला ह्यांनी कपाट उघडलं. ओळीतली पहिली होती ‘मिउरा’ नावाची पिवळी इटालियन गाडी. शिवदासची सर्वांत लाडकी. दिव्यांना पापण्या असलेली, बघत राहावी अशी. खोकं फोडलं, नंबराचं कार्ड देवापुढे ठेवलं, गाडी ओल्या फडक्याने पुसली. मग दार उघडून बघितलं, पाठीमागचं झाकण उघडून इंजीन बघितलं, आणि मला बघायला हाक मारली, “गो, पळय, पळय!” चाकाखाली ठेवायला लिंबू मोठं पडत होतं. परसात जाऊन ह्यांनी बोराएवढं कोवळं लिंबू शोधून आणलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूच्या दोन पाकळ्या ठेवल्या, आणि गाडी हळूच त्या लिंबावरून पुढे नेली. लिंबू काही चिरडलं नाही. आम्ही दोघं खूप हसलो.

दिवाळीला शिवदास आला. हात चांगला बरा झाला होता. बॅग ठेवली आणि थेट कपाटाशी गेला.

“ही कोणें उघडली?”

मिउराच्या नाकावर नारिंगी डाग पडला होता. ओलं कुंकू रंगात बसलं होतं, पुसून जात नव्हतं.

“तुज्या हाताखातीर पूजा केली रे बाबान,” मी म्हटलं.

“हात डॉक्टरान बरो केलो,” तो म्हणाला. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. हे दाराशी उभे होते. हसून स्वागत करायला आले होते, ते हसू तसंच तोंडावर राहिलं होतं.

पुण्याचे कुणी मेहेंदळे म्हणून होते. अशा गाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळाचे प्रमुख. त्यांनी संग्रह बघून होकार दिला तरच शिवदासला मंडळात घेणार होते, आणि ते परवा घरी यायचे होते. संध्याकाळी शिवदास अंगणात फोनवर त्यांच्याशी बोलत होता. आमच्याशी कधी बोलत नाही अशा शुद्ध मराठीत.

“एका गाडीचं जरा नुकसान झालंय, सर. घरी कामाला एक म्हातारा आहे, त्याने उघडली. अडाणी माणूस, त्याला काय कळतंय.”

मी चुलीशी होते. हे पायरीवर बसून नारळ सोलत होते. सोलणं थांबलं नाही.

मेहेंदळे यायच्या दिवशी सकाळी ह्यांच्यासाठी दुबईचा नवा शर्ट मी इस्त्री करून ठेवला. ह्यांनी तो घडी करून परत पेटीत ठेवला आणि परसात घालायचा विटका शर्ट चढवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मेहेंदळे माणूस वाईट नव्हता. एकेक खोकं हातात घेऊन मन लावून बघत होता. ह्यांनी पाणी आणून दिलं तेव्हा त्याने विचारलं, “मिउरा उघडली ती तूच का रे?”

शिवदास कपाटात काहीतरी शोधायला लागला.

“होय सायबा, हांवेंच.”

“मालकाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, बाबा.”

“चुकलां, सायबा.”

मी चहा घेऊन गेले. “ही माझी आई,” शिवदास म्हणाला. मेहेंदळ्यांनी उठून नमस्कार केला. मी त्याची आई, आणि हे माझ्याच मागे बशी धरून उभे! जीभ नुसती वळवळत होती. पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप पुढे केला. चहा संपता संपता मेहेंदळे म्हणाले, “संग्रह उत्तम आहे, शिवदास. तुम्ही आमच्यातलेच. आणि हो, वडील दिसले नाहीत कुठे?”

शिवदासला बोलायला भरपूर वेळ होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“धनी भायर गेल्यात, सायबा,” हे म्हणाले. “सांजेक येतले.” आणि पाहुण्यांचा रिकामा कप उचलून आत निघाले.

शिवदासचा मला राग आला, तो अजून आहे. पण त्या वेळी त्याच्याहून जास्त ह्यांचा आला. माझ्याजवळून जाताना मी ह्यांचा चेहरा बघितला. पोराचं काम झालं म्हणून माणूस खूश होता.