ऐन वेळी मुका राहिलेला बीकन

मित्रांनो, मी नावेवरचा एक जुना बीकन आहे. नाव बुडायला लागली की माझी पिन ओढायची. मग माझा दिवा लुकलुकतो, आणि रेडिओवरून गेलेल्या माझ्या हाकेने काठावरच्या पंपघरातली घंटा वाजते. भिलाईजवळच्या एका कारखान्याच्या तलावावर मी कामाला होतो. १९८४ साली आलो तेव्हा केशरी रंगाने नुसता झळकत होतो.

पहिली काही वर्षं मला नावाडी बाबारावांनी सांभाळलं. दर महिन्याला ते माझं झाकण उघडायचे, रबराची कड पुसायचे, सेल पाहायचे आणि चाचणीचं बटण दाबायचे. घंटा वाजली की खूश होऊन म्हणायचे, "बोलला माझा राघू!" माझाही ऊर भरून यायचा.

पुढे चाचणीचं काम पंपघराचे सुपरवायझर नरहरी यांच्याकडे गेलं. झाकणाची चावीही त्यांच्याकडेच. त्यांना घंटेचा आवाज सहन होत नसे. त्यांनी माझे सेल काढून आपल्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले. साहेब येणार असले की मला तेलाच्या फडक्याने चमकवायचे. तंबाखूने बरबटलेली ती बोटं अंगावरून फिरली की मला शिसारी यायची.

"नरहरीभाऊ, टेस्ट झाली का?" बाबाराव विचारायचे.

"झाली ना! कावून घडीघडी विचारून राहिले?"

बाबारावांनी विश्वास ठेवला.

मे महिन्यातल्या एका दुपारी बाबाराव आणि तरुण मेकॅनिक शामसुंदर तलावाच्या मधला पंप पाहायला निघाले. एकाएकी वादळ उठलं आणि नाव उलटली. तिची कड लागून बाबारावांचा खांदा निखळला. एका हाताने त्यांनी नावेचा दोर धरला.

"तू पोहत जा, लोकाइले आन," ते शामसुंदरला म्हणाले. "तोवर हा आवाज देते." आणि दातांत दोर धरून त्यांनी माझी पिन ओढली.

मी जिवाच्या आकांताने ओरडायला गेलो. पण माझं पोट रिकामं होतं. पंपघरात त्या घंटेखाली बसून नरहरी पत्ते पिसत होते.

शामसुंदर दुसरी नाव घेऊन आला, तोवर सगळं संपलं होतं. बाबारावांच्या आवळलेल्या मुठीतून त्याने पिन सोडवली.

दुसऱ्या दिवशी पंपघरात चौकशी झाली. त्याआधीच नरहरींनी माझ्यात नवे सेल घातले आणि नवी पिन खोचली. साहेबांसमोर त्यांनी बटण दाबलं. घंटा खणखणली.

"पाहा साहेब, बीकन चालू आहे. बाबारावनं पिनच ओढली नाही."

मित्रांनो, मला माझ्याच आवाजाची तेव्हा किळस आली.

शामसुंदरने ती ओढलेली पिन टेबलावर ठेवली. "साहेब, हे काकाच्या मुठीत होती."

बाबारावांच्या पत्नी अंजनाबाई दारात उभ्या होत्या. त्या नरहरींना म्हणाल्या, "मेलेल्या मानसावर ढकललं तुमी?"

नरहरींची नोकरी गेली. पण अंजनाबाईंचं गेलेलं माणूस कुठून येणार?

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र कुठे दिसलं तर त्याच्या चकाकीवर जाऊ नका. दर महिन्याला त्याचं बटण दाबा. आवाज कानाला टोचला तर खुशाल कानांत बोळे घाला, पण त्याच्या पोटातले सेल काढू नका.