ताडपत्रीच्या पोटात भाकर

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. नाक मुरडू नका! ती निळी प्लॅस्टिकची, वारा आला की फडफड करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हैराण करणारी, ती मी नव्हे. मी जाड सुती कापडाची, मेण पाजलेली, हिरव्या रंगाची. रंग उन्हानं बराच उतरलाय, पण मला अजून हिरवीच म्हणा.

माझा जन्म खामगावच्या बाजारातल्या एका दुकानात झाला. कापडाचे चार पट्टे जोडून मला शिवलं आणि कडेनं पितळी कड्या ठोकल्या. ठोकताना दुखलं, खोटं कशाला सांगू? रामराव नावाच्या ट्रकवाल्यांनी मला अंगठ्यानं चोळून पाहिलं, वर लोटाभर पाणी ओतलं, खालून हात फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "बेस हाये. दे बांधून." त्या दिवसापासून मी वरवट बकालची झाले.

काय दिवस होते ते! वरवट बकाल, सोनाळा, या भागातल्या गावांचा कापूस रामरावांच्या ट्रकमधून खामगावच्या जिनिंगला जायचा आणि त्या पांढऱ्या ढिगावर मी ऐटीत पसरलेली असायचे. एकदा ऐन माघात गारपीट झाली. रस्त्यावरची माणसं डोक्यावर घमेली धरून पळत होती. मी मात्र दातओठ खाऊन पडून राहिले. मला दात नाहीत, ओठही नाहीत, पण म्हणायची पद्धत आहे. जिनिंगवर माल उतरवला तेव्हा आतला कापूस कोरडाठाक होता. रामराव सगळ्यांना सांगत सुटले, "माही ताडपत्री नाही बे, लेक हाये लेक!" दसऱ्याला ट्रकला झेंडूचा हार चढला की एक हार मलाही मिळायचा.

मग ती निळी आली. वजनाला हलकी, घडीला लहान. मी भिजले की दोन माणसांना उचलत नाही, हे मला मान्य आहे. रामरावांनी मला गोठ्यात नेऊन कुटारावर, म्हणजे गुरांसाठी साठवलेल्या भुशावर, टाकलं आणि म्हणाले, "आता हिचं काही काम नाही." मित्रांनो, मार विसरता येतो, पण असं बोलणं विसरता येत नाही. गोठ्यात उंदरांनी मला तीन भोकं पाडली. मी मनात म्हणायचे, कुरतडा बाबांनो, तुमच्या तरी उपयोगी पडू दे.

अशी किती वर्षं गेली, मला मोजता येत नाहीत. मग एक दिवस गोठ्याच्या दारात शरच्चंद्र सर उभे राहिले.

सर गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी नववीच्या मुलांची सहल लोणारला नेली. आकाशातून दगड पडला, एवढा मोठा खड्डा झाला, त्यात खारं पाणी साठलं, हे सगळं ते हात पसरून सांगायचे. आणि तीस वर्षं त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई सहलीच्या दिवशी पहाटे उठून दशम्या करून द्यायच्या. स्वतः मात्र एकदाही गेल्या नाहीत. त्यांना ऊन सोसायचं नाही. डोक्यावर घटकाभर ऊन आलं की अर्धं डोकं ठणकायचं आणि दोन दिवस अंथरूण धरावं लागायचं.

सर निवृत्त झाले आणि त्यांनी मनावर घेतलं की आता हिला लोणार दाखवायचंच. सोनाळ्याच्या रवी वेल्डरकडून त्यांनी आपल्या जीपच्या मागं जोडायचा एक छोटा ट्रेलर बनवून घेतला. दोन चाकं, वर पत्र्याची खोली, आत एक पलंग, एक खिडकी, एक स्टोव्ह. सर त्याच्याभोवती हौसेनं फिरत होते. शकुंतलाबाईंनी दारातूनच आत डोकावून पाहिलं.

"या खुराड्यात बसू मी? मी काय कोंबडी हाये?"

"अवो, आत फक्त झोपायचं. दिवसा बाहेर बसायचं."

"बाहेर? उन्हात?" सर ट्रेलरचं दार लावायला लागले तशा त्या जरा नरमल्या. "हे पाहा, मी एक डाव येतो. पण बाहेर सावली पाह्यजे. डोक्यावर ऊन आलं की तसंच गाडी फिरवायची घराकडे, अन् मंग मले पुन्हा कधी चाल म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले. पण सावली आणणार कुठून? शहरात अशा गाड्यांना लावायची तयार छतं मिळतात, पण ती ट्रेलरहून महाग. म्हणून ते रामरावांना विचारायला आले होते आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सर, ते नका नेऊ. उंदरायनं खाल्ली हाये."

"खाऊ द्या. उरली तेवढी बस झाली मले."

अहाहा! त्या वाक्यासाठी मी सरांना जन्मभर सावली द्यायला तयार होते.

मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं, दोन दिवस वाळवलं. मग सरांनी कात्री काढली. मी घाबरले, पण त्यांनी मला ट्रेलरच्या लांबीएवढंच कापलं आणि कापलेल्या तुकड्यांतूनच माझ्या भोकांना ठिगळं मिळाली. शिवायला शेजारच्या गल्लीतल्या गोजरबाई आल्या. गावातल्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या. त्यांनी दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन माझ्या एका कडेला परकराला असतो तसा लांबलचक नेफा शिवला. नाडीऐवजी त्यात घातला लोखंडी पाइप. रवीनं ट्रेलरच्या छताच्या कडेला दोन आकडे लावून दिले होते, पाइप त्यांत अडकला. माझी दुसरी कड दोन बांबूंवर. बांबूच्या डोक्याला खिळा, खिळा माझ्या कडीत, कडीला दोरी आणि दोरी जमिनीतल्या खुंटीला. एवढंच! दहा मिनिटांत उभं, पाच मिनिटांत आडवं.

सरांनी गावात जन्मभर लग्नाचे मांडव घातले होते. त्याच सवयीनं त्यांनी मला चौफेर एका पातळीत ताणलं आणि लांब उभं राहून कौतुकानं पाहिलं. शकुंतलाबाईंनी बादलीभर पाणी आणलं आणि माझ्यावर ओतलं. सगळं पाणी मध्ये साठून माझं हे एवढं पोट सुटलं.

"हे काय हो? मांडव केला का पखाल?" त्या म्हणाल्या. "पुढचे बांबू वीतभर आखूड करा ना. पाणी वाहून जाईन अन् तिरपं ऊनही अडन."

सरांनी बांबू कापले. बाईंनी पुन्हा बादली ओतली आणि पाणी सरळ सरांच्या चपलांवर गेलं. बाई खुदकन हसल्या. येणार नाही म्हणणारी बाई पाणी ओतून पारख करते आहे, हे मी ओळखलं आणि मला फार बरं वाटलं.

शेवटचा कोपरा शिवायचा राहिला होता. गोजरबाईंनी दाभण थांबवलं. "शकुंतला, जरा भाकर आण घरातून."

"काऊन? भूक लागली का, बाई?"

"मले नाही, हिले. माह्या मायची रीत हाये. गोधडी असो का काही असो, तिचं पोट रिकामं शिवू नये. ज्याचं पोट रिकामं, ते दुसऱ्याले ऊब काय देईन?"

रीत चिमूटभर तुकड्याची होती. पण शकुंतलाबाईंचा हात सढळ. त्यांनी चुलीवरची ज्वारीची भाकर अर्धी मोडली, वर गुळाचा खडाही ठेवला. "लांब जायचं हाये तिले," त्या म्हणाल्या. गोजरबाईंनी तो ऐवज माझ्या कोपऱ्यात कोंबून वरून टाके घातले. सर तेव्हा चपला वाळत घालत होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. आणि मी? इतकी वर्षं मी इतरांचा माल सांभाळला, पण माझ्या पोटात कुणी घास घातला नव्हता. मी भरून पावले.

होळीच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. खामगाव मागं टाकलं तेव्हा मी पलंगाखाली गुंडाळलेली असूनही मला सरकीचा वास आला आणि जुने दिवस आठवले. अकराच्या सुमाराला लोणारला पोहोचलो. सरांचे जुने विद्यार्थी माणिकराव यांचं शेत गावाबाहेर होतं, तिथं उतरायचं ठरलं होतं. हरभरा निघून गेलेला, रान मोकळं आणि आसपास झाड म्हणून नाही. ऊन तर असं की ट्रेलरच्या पत्र्यावर पापड भाजावा.

बाई जीपमधून उतरल्याच नाहीत. सरांनी घाईघाईनं पाइप अडकवला, बांबू उभे केले, खुंट्या ठोकल्या. मी जीव खाऊन पसरले. मग बाई आल्या, खाली चटई टाकून बसल्या. जरा वेळानं त्यांनी कपाळावर गच्च धरलेला पदर सोडला.

"गार हाये हो इथं," त्या म्हणाल्या.

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की मी हलले! चार वाजता ऊन उतरलं की सरोवर पाहायला जायचं ठरलं. बाईंनी स्टोव्हवर गंज, म्हणजे पातेलं, ठेवून चहाचं आधण टाकलं, उकळी आणली आणि स्टोव्ह बंद करून कपबश्या घ्यायला वळल्या.

तेवढ्यात माझ्या कोपऱ्याला कुणीतरी हुंगलं. बकरी! काळी, लांब कानांची. गूळभाकरीचा वास तिला शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आला असणार. तिनं मागच्या पायांवर उभं राहून कोपरा तोंडात धरला आणि ओढायला सुरुवात केली. मला ओरडता येत असतं तर मी लोणार डोक्यावर घेतलं असतं. टाके तटातटा तुटले, कडी निसटली, एक बांबू कलला, त्यानं दुसऱ्याला पाडलं आणि मी धपकन खाली आले. गंज उलटून चहा माझ्या अंगभर झाला. आणि माझ्याखाली होत्या शकुंतलाबाई.

सर ट्रेलरमधून साखरेचा डबा घेऊन बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. "अवो!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "लागलं का? ऐकू येते का? चाला, आपण घरी जाऊ. मी गाडी फिरवतो." त्यांनी साखरेचा डबा खाली ठेवला आणि ते खिशात किल्ली शोधायला लागले. मला इतकं वाईट वाटलं! तीस वर्षांची वाट, एक वचन, आणि दोन तासांत सगळं माझ्यामुळे पाण्यात. रामरावांचं खरं होतं, म्हटलं. हिचं काही काम नाही.

आणि मग मला माझ्याखाली काहीतरी थरथरताना जाणवलं. आधी वाटलं, बाई रडताहेत. पण नाही हो! बाई हसत होत्या. आणि ते हसू जगात सगळ्यांत आधी मला कळलं.

तोवर बकरीची मालकीण महामाया आजी काठी घेऊन धावत आली. "अवो बाई, माफ करा! या रांडेनं काय खाल्लं पाहा, तिच्या तोंडात अर्धी भाकर हाये!"

"भाकर?" सर चक्रावले. "ताडपत्रीत भाकर कुठून आली?"

शकुंतलाबाई मला बाजूला सारून बाहेर आल्या. केस विस्कटलेले, हसून हसून डोळ्यांत पाणी. "म्याच घातली होती! गोजरबाईनं चिमूट मागतली, अन् म्या मेजवानी देल्ली!" त्या पुन्हा हसायला लागल्या आणि भर उन्हात उभ्या आहेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सर मात्र तत्पर. त्यांनी माझाच एक पदर उचलून त्यांच्या डोक्यावर धरला. "चालायचं का घरी?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरी काऊन? दाभण द्या इकडे. गोजरबाईनं पुडीत बांधून देल्लं हाये."

जीपच्या सावलीत बसून त्यांनी माझा कोपरा शिवला. पोट या वेळीही रिकामं ठेवलं नाही. चिमूटभरच भाकर घातली, पण सोबत एक लाल मिरची. महामाया आजीनं नव्यानं केलेला चहा पिता पिता ते पाहिलं आणि बकरीला म्हणाली, "आता ये बरं, पाहू तुही हिंमत!"

चार वाजता दोघं सरोवर पाहायला गेली. मी काही पाहिलं नाही, मी शेतातच होते. दिवस कलता कलता परत आली तेव्हा बाईंनी आधी सरांच्या पाठीत एक धपाटा घातला. "एवढं मोठं सोनं, अन् तीस वर्षं दुसऱ्याच्या पोरायले दाखवलं? मले काऊन नाही आणलं हो आधी?"

"सावली नव्हती ना," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बाईंनी माझ्यावरचे चहाचे डाग पाण्यानं धुतले. सर मला गुंडाळायला लागले तशा त्या ओरडल्या, "थांबा! ओली काऊन गुंडाळता? कुजन ना ती. वाळू द्या चांगली."

"उशीर होऊन राह्यला."

"होऊ द्या. अजून लय गावं पाहाची हायेत मले. तिचं लय काम हाये."

मित्रांनो, ऐकलंत ना? म्हणून माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. घरातलं जुनं टाकायच्या आधी त्याच्यावर एकदा बादलीभर पाणी ओतून पाहा. ओलं असेल तर घाई करू नका, वाळू द्या. आणि जमलं तर त्याच्या पोटात चिमूटभर भाकर घाला. मिरची विसरू नका.