थोरलीचे नवे ब्रेक

आमच्या घरात थोरलीचा मान आहे आणि थोरली म्हणजे पिकअप गाडी. ती माझ्या जन्माच्या आधी दारात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. बाबा सुतार. कपाटं, टेबलं, दारं बनवायची आणि थोरलीत घालून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची. थोरलीला सर्दी झाली तरी बाबा रात्रभर तळमळतात. मला ताप आला तर म्हणतात, "झोप, उतरेल."

थोरलीत सगळं होतं, फक्त थांबण्याची सवय नव्हती.

त्यावर आईबाबांनी स्वतःची पद्धत बसवली होती. गिऱ्हाइकाचं घर बरंच लांब असतानाच आई म्हणायची, "धरा!" की बाबा सीटवरून अर्धे उठून ब्रेकवर उभेच राहायचे. थोरली कुरकुरत, रडतखडत माणसाच्या चालीवर यायची. मग आई दार उघडून खाली उडी मारायची, हातातला लाकडी ठोकळा घेऊन गाडीबरोबर पुढे धावायची आणि तो चाकाखाली सरकवायची. ठोकळा बाबांनी खास तिच्यासाठी घडवलेला. त्याला धरायला दोरी होती आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आईच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. माझ्या पाळण्याच्या कडा इतक्या घासल्या नव्हत्या, हे मी पाळणा नीट बघून सांगते.

"बाबा, ब्रेक बदला," मी कितीतरी दिवस कानीकपाळी ओरडत होते.

"थांबते की!"

"थांबते हो, पण कुठे?"

"तुझ्या आईला माहीत असतं."

आणि मग एकदा आई उडी मारताना घसरली आणि गिऱ्हाइकाच्या फुलझाडांत बसली. गुडघा टम्म सुजला. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. थोरलीची किल्ली मी खिशात घातली आणि जाहीर केलं, ब्रेक बदलल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. बाबांनी दोन वेळचं जेवण माझ्याशी न बोलता केलं आणि तिसऱ्या वेळी हात टेकले.

गॅरेजवाल्याने पुढचं चाक उघडलं, आत वाकून बघितलं आणि शेजारच्या टायरवाल्यालाही बघायला बोलावलं. दोघांनी तोंडात बोटं घातली.

"काका, ही गाडी थांबत कशी होती?"

"हिच्या जिवावर," बाबा आईकडे बोट दाखवून म्हणाले. आई एवढी लाजली की मलाच कसंतरी झालं.

गॅरेजवाल्याने पुढचे जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, नळ्या बदलल्या आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावला. किल्ली देताना बजावलं, "काका, आता ताकद लावायची नाही. नुसता पाय टेकवायचा."

बाबांना ते लागलं. उजव्या पोटरीचा त्यांना फार अभिमान.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं एक ड्रेसिंग टेबल पोचवायला निघालो. मी मध्ये, आई दाराशी, मांडीवर ठोकळा. घर लांबवर दिसलं आणि आई सवयीने म्हणाली, "धरा!" बाबा सवयीने ब्रेकवर उभे राहिले. थोरली जागच्या जागी गपकन थांबली. माझं कपाळ पुढे आपटलं, मागचं ड्रेसिंग टेबल धाडकन केबिनला येऊन भिडलं. पण आईचं लक्ष ठोकळ्यात. तिने दार उघडलं, दुखरा गुडघा विसरून उडी मारली आणि मान खाली घालून गाडीबरोबर धावू लागली. गाडी मागेच राहिली होती. आई बरीच पुढे गेली, दिसेल त्या चाकाखाली ठोकळा सरकवला आणि हात झटकून म्हणाली, "झालं!"

ती मोटार दुसऱ्याच कुणाची होती. आत एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

"बाई," ते काच खाली करून म्हणाले, "माझी गाडी सकाळपासून उभीच आहे."

मी पोट धरून हसले. बाबा हसले, गृहस्थही हसले. आई हसली नाही. तिने ठोकळा उचलला आणि येऊन गाडीत बसली.

घरी आल्यावर तिने तो स्वयंपाकघराच्या दाराला लावला. ते दार वाऱ्याने सारखं आपटायचं. "माझं तिथलं काम संपलं. याला तरी काम असू दे," ती म्हणाली. तिचा गुडघा वाचवायला गेले आणि तिची जागाच काढून घेतली, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

सकाळी बाबा पुस्तकांचं कपाट घेऊन एकटेच निघाले. आई खिडकीत उभी राहून, आपण खिडकीत उभी नाही असं दाखवत होती. दुपारच्या आत थोरली परत आली. कपाट मागे तसंच.

"बाबा, ब्रेक लागला नाही का?" मी विचारलं.

"ब्रेक छान आहे," बाबा चपला काढत म्हणाले. "घर दोनदा दिसलं. दोन्ही वेळा पुढे निघून गेलो. धरा म्हणालं नाही कुणी."

"स्वतःच म्हणायचं मग," आई आतून बोलली.

"म्हणून बघितलं. पाय ऐकत नाही."

"माझा गुडघा दुखतो."

"उतरू नकोस. नुसती बस."

"नुसती बसायला मी काय गोणी आहे?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. माझ्याकडे एकदा बघितलं, पण मी काही हलले नाही. "अगं, मला करमत नाही तुझ्याशिवाय," ते म्हणाले. "गाडीत तर मुळीच नाही."

आईने हात पुसले, केस सारखे केले आणि खाली वाकून ठोकळा उचलला. दार बाबांच्या पाठीवर धाडकन आपटलं.

मी अंगणात येईपर्यंत थोरली सुरू झाली होती. कोपऱ्यावरचं वळण अजून बरंच लांब होतं, तेवढ्यात आईचा आवाज आला, "धरा!" थोरली भर रस्त्यात खिळली. मागे हॉर्नवर हॉर्न.

"अहो, एवढ्यात नाही!"

"तूच म्हणालीस ना!"

दोघं आत खदाखदा हसत होते. मला जावंसं वाटत होतं, मी धावत गेलेही. पण मधल्या जागेवर, माझ्या जागेवर, ठोकळा बसला होता. धाकटीला कुणी विचारलंसुद्धा नाही.